नाशिकमध्ये २०-२२ मजली सोसायटीचं डिझाइन करताना सुरुवात कुठून करावी?

समजा तुमचा प्लॉट गोदावरीच्या जवळ आहे, तर सुरुवात पूररेषेपासून करा. निळी (पुराचं पाणी जास्त वेळा पोहोचतं ती) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची) पूररेषा नकाशावर कुठून जाते ते पाहिल्याशिवाय बेसमेंटची रेघसुद्धा मारू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली होती, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी विजेचे पॅनेल, जनरेटर आणि पंप तळघरात ठेवणं म्हणजे पूर आला की बावीस मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना कोंडून ठेवणं. ते सगळं वर, पोडियमवर (जमिनीपासून उंच असलेल्या पार्किंगच्या मजल्यांवर) न्या. पार्किंगच्या दोन-चार जागा गेल्या तरी चालेल.

मग ऊन आणि पाऊस. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडची भिंत दुपारभर तापते, आणि पावसाची झड बहुतेक त्याच बाजूने येते. तिकडे बेडरूम देऊ नका. जिना, लिफ्ट, टॉयलेट, ड्राय बाल्कनी तिकडे ढकला, खिडक्यांवर खोल छज्जे द्या. पूर्ण काचेचा दर्शनी भाग मला इथे अजिबात पटत नाही. नाशिकची संध्याकाळची हवा घरात खेळवायची सोडून लोकांनी एसी का लावावा?

आगीबाबत तडजोड नको: २४ मीटरच्या वर रेफ्यूज एरिया (आगीत लोकांना थांबायची सुरक्षित मोकळी जागा) लागतोच, दोन जिने एकमेकांपासून लांब ठेवा आणि अग्निशमनाची गाडी इमारतीभोवती वळेल एवढा रस्ता मोकळा सोडा. तिथे नंतर गाड्या लागतात, म्हणून पाहुण्यांचं पार्किंग आधीच वेगळं दाखवा.

बाकी एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचा, हिशोब आर्किटेक्ट यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे करेलच.