तैमूरलंगाने एवढं मोठं साम्राज्य जिंकूनही स्वतःला ‘खान’ का म्हणवून घेतलं नाही?

कारण तो चंगेजखानाच्या वंशातला नव्हता. त्या काळच्या मध्य आशियात खान व्हायचं तर चंगेजचंच रक्त लागायचं. तैमूर बरलास टोळीतला. मूळ मंगोल, पण भाषेने तुर्की झालेली टोळी. 1370 मध्ये सत्ता हाती आल्यावर त्याने चंगेजवंशीय नामधारी खान गादीवर ठेवला, नाण्यांवरही त्याचं नाव घातलं आणि स्वतः ‘अमीर’, म्हणजे सरदार, राहिला. सराय मुल्क खानम या चंगेजवंशीय राजकन्येशी लग्न करून ‘गुरगान’, म्हणजे जावई, ही पदवी मात्र अभिमानाने मिरवली. पुढे त्याचा वंशज बाबर आणि बाकीचे मुघलही ‘गुरकानी’ म्हणवत, ते यावरूनच.

तैमूरची राजधानी समरकंद, तिथल्या निळ्या घुमटांचं कौतुक करताना दिल्ली विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. 1398 च्या डिसेंबरमध्ये लढाईआधी त्याने हजारो कैद्यांची कत्तल केली, शहर लुटलं आणि इथले पाथरवट समरकंदला नेऊन मशिदीच्या कामाला जुंपले.

1402 मध्ये अंकाराला त्याने ऑटोमन सुलतान बायझीदला कैद केलं. 1405 मध्ये चीनच्या स्वारीवर निघाला असताना ओत्रारला (आजच्या कझाकस्तानात) मेला. नातू उलुगबेगने समरकंदला वेधशाळा बांधली.