लहान आतड्याची स्लाइड तळापासून वर वाचा

तुम्ही विचारलंय की हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या) प्रॅक्टिकलला लहान आतडं ओळखता येतं, पण विलाय, क्रिप्ट, गॉब्लेट, पॅनेथ ही नावं कितीही पाठ केली तरी चार दिवसांत विसरायला होतात. समजून घ्यायची काही रीत आहे का?

आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आतड्याचे इवलेसे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, रंगवायचे, हे माझं रोजचं काम. मला हे अस्तर उमगलं ते एका गोष्टीमुळे: स्लाइडवर तुम्हाला पेशींचं वय दिसत असतं. पेशी तळाशी जन्मते, वर सरकत जाते आणि टोकाशी पोचून गळून पडते. हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांचा.

आधी दहाची लेन्स लावा. पोकळीकडे बोटांसारखे उंचवटे आलेले दिसतील, ते विलाय. उंची साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. दोन विलायांच्या बुडाशी तेच अस्तर अरुंद विहिरीसारखं खाली उतरतं, ती क्रिप्ट. लिबरक्यून या जर्मन वैद्याने 1745 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकात त्याचं नाव येतं. विलायावरची आणि क्रिप्टमधली पेशींची चादर एकच आहे, सलग आहे, एका पेशीइतक्या जाडीची आहे. पुष्कळ विद्यार्थी या दोन वेगवेगळ्या वस्तू समजतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता चाळीसची लेन्स लावून विहिरीच्या तळाशी जा. ठळक लालसर दाण्यांनी भरलेल्या पेशी दिसतात त्या पॅनेथच्या. त्या दाण्यांत लायसोझाइम आणि डिफेन्सिन ही जंतुनाशक द्रव्यं असतात. पहारा नेमका इथेच का? कारण यांच्याच फटींत स्टेम सेल बसलेल्या असतात, अख्ख्या अस्तराचं बियाणं. आपल्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या ओळखू येत नाहीत. त्यांची पक्की खूण 2007 मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवली. तळापासून जरा वर या, म्हणजे विभागणाऱ्या पेशी दिसतील, केंद्रकं गडद, गुंता झाल्यासारखी. केमोथेरपी भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालते आणि त्यात या पेशीही सापडतात. औषधाने रुग्णाला जुलाब होतात त्याचं एक मोठं कारण हेच.

तिथून वर चढताना पेशी कामाला लागते. बहुतेक जणी शोषणाचं काम करणाऱ्या एंटेरोसाइट होतात: उंच, केंद्रक बुडाशी, आणि वरच्या कडेला एक बारीक गुलाबी रेघ. त्या रेघेवरून नजर पुढे सरकवू नका. एकेका पेशीवर सुमारे एक मायक्रॉन उंचीचे हजारो मायक्रोविलाय असतात आणि आपल्या सूक्ष्मदर्शकाला त्यांची मिळून ती रेघ दिसते. मधूनमधून पोट फुगलेल्या, फिकट, रिकाम्या वाटणाऱ्या पेशी दिसतात, त्या गॉब्लेट. त्या रिकाम्या नसतात. आतला श्लेष्मा या रंगात उठत नाही, पीएएस रंगात गडद किरमिजी उठतो. उलट दिशेने, म्हणजे खाली जाणारी एकच जात, पॅनेथची. म्हणून ती तळाशी सापडते आणि काही आठवडे टिकतेही.

हा वयाचा हिशेब लक्षात आला की आजारही समजू लागतात. लॅक्टेज हे दूध पचवणारं विकर वर पोचलेल्या, पिकलेल्या पेशींवर असतं. जुलाब घडवणारा रोटाव्हायरस नेमक्या त्याच पेशी मारतो. म्हणून लहान मुलाला जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस दूध पचेनासं होऊ शकतं, आणि नव्या पेशी वर आल्या की पुन्हा पचू लागतं. कॉलऱ्यात वेगळंच होतं. तिथे अस्तर जवळपास शाबूत राहतं. कॉलऱ्याचं विष पेशींना क्लोराइड आणि त्याच्यामागून पाणी ओतायला लावतं. पण सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं, त्या गुलाबी रेघेवरचं दार उघडंच असतं. या दाराची कल्पना अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच दारातून. ओआरएसची पुडी हातात घेतली की मला ती गुलाबी रेघ आठवते.

सीलिअॅक या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे वरच्या पेशी भराभर मरतात. तळाचा कारखाना भरपाई करायला धडपडतो, म्हणून विलाय सपाट होतात आणि क्रिप्ट लांबतात. निरोगी अस्तरात विलस (एक विलाय) क्रिप्टच्या तिप्पट किंवा जास्त उंच असतो. इथे ते प्रमाण कोसळतं. शिवाय पेशींच्या फटींत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढतात, शंभर पेशींमागे पंचविसांहून जास्त दिसले की आम्ही सावध होतो. कुणी तपासणीआधीच मनाने गहू बंद करून येऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. अस्तर भरून येऊ लागतं आणि निदान हुकतं. एकदा निदान झालं की ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ बिनधास्त खावं. फक्त डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तिकडे लक्ष ठेवावं.

इथे माझ्या कामाचा एक अनुभव सांगते. कामाच्या सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक तुकडा मेणात आडवा बसला. काप तिरका गेला आणि विलाय आखूड दिसले. सरांना शंका आली, त्यांनी मला तोच तुकडा वितळवून उभा बसवायला लावला. नव्या कापात विलाय उंच आणि सरळ होते. एका मुलाच्या ताटातली पोळी त्या दिवशी माझ्या चुकीमुळे कायमची जाऊ शकली असती. म्हणून स्लाइडवर विलाय आखूड दिसले तर आधी शेजारच्या क्रिप्ट बघा. त्या नळ्यांसारख्या लांब न दिसता गोल बांगड्यांसारख्या दिसल्या, तर काप तिरका आहे.

विलायाच्या गाभ्यातही डोकवा. केशवाहिन्या असतातच, पण मधोमध एक लिंफवाहिनी असते, लॅक्टियल. पचलेली चरबी हिच्यातून जाते. इटलीचे वैद्य गास्पारे आसेल्ली यांनी 1622 मध्ये जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा त्यांना या दुधाळ वाहिन्या दिसल्या.

आतड्याच्या अस्तराचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असतं, हे वाक्य अजून पुस्तकांत असेल तर ते खोडा. 2014 मध्ये स्वीडनच्या हेलांडर आणि फेन्ड्रिक्स यांनी पुन्हा मोजणी केली. अख्ख्या अन्नमार्गाचं अस्तर सरासरी 32 चौरस मीटर भरलं. म्हणजे साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास, मुंबईतल्या लहानशा वन रूम किचनएवढं.

व्हायव्हात लहान आतड्याचे तीन भाग ओळखायला सांगतील: सुरुवातीचा डुओडेनम, मधला जेजुनम, शेवटचा इलियम. डुओडेनममध्ये अस्तराखालच्या थरात ब्रुनरच्या ग्रंथी दिसतात. जेजुनममध्ये उंच विलाय, आणि बाकी खास असं काही नाही. इलियममध्ये गॉब्लेट वाढलेल्या आणि लिम्फोसाइटचे गडद निळे पुंजके, ते पेयर पॅच. टायफॉइडचे जंतू याच पुंजक्यांवरच्या अस्तरातल्या एम नावाच्या खास पेशींतून आत शिरतात. उपचार न झालेल्या तापात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला भोक पडतं, तेही बहुतेक इथेच.