बल्ब नेमका बटण दाबल्यावरच का जातो?

प्रश्न: गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्यावर अजून जुना पिवळा बल्बच आहे, दर दोन-तीन महिन्यांनी जातो आणि तोही बटण दाबलं की. ती तार टिकाऊ करता येत नाही का हो?

उत्तर: अहो, तार चिवटच आहे, ती टंगस्टन धातूची असते, टंगस्टन वितळतं ३४२२ अंशांना, पण पेटल्यावर ती अडीच हजार अंशांच्या आसपास असते आणि हळूहळू वाफ होऊन उडत जाते, काचेवर आतून काळं धरतं ना, ते तेच. जिथे बारीक झाली तिथे जास्त तापते, त्यात थंड तारेचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) तापलेलीच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, म्हणून बटण दाबताच करंटचा दणका बसतो आणि टुक्! उपाय झालेत की, लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास, तार कमी उडावी म्हणून, आत गॅस भरला, तारेत नावापुरतं पोटॅशियम घालतात म्हणजे ती लोंबत नाही, हॅलोजन बल्बमध्ये तर उडालेलं टंगस्टन परत तारेवर येऊन बसतं (मला हे भारी वाटतं). तुम्ही आधी व्होल्टेज मोजून घ्या, बल्बवर लिहिलेल्यापेक्षा ५ टक्के जास्त असलं तरी आयुष्य जवळपास निम्मं. २४० व्होल्टचा बल्ब मिळाला तर तो लावा, उजेड जरा मंद पडेल. आणि जिन्याचं दार धाडकन आपटणाऱ्यांना आवरा, हादऱ्यानेही तार तुटते.