वहीत पत्ता आहे, फोन क्रमांक नाही

पत्र: मी ७२ वर्षांचा निवृत्त लष्करी अधिकारी आहे. पत्नीच्या निधनाला चार वर्षे झाली. सैन्यातल्या चार जिवलग मित्रांच्या घरी जाऊन यायचे, असे दोन वर्षांपासून मनात आहे. एकाची स्मृती आता झपाट्याने कमी होत आहे. दुसरा वारला, तिथे वहिनी एकट्या राहतात. तिसरा परदेशात मुलीकडे असतो. चौथा माझ्या हाताखाली होता. मी लिहिलेल्या गोपनीय अहवालामुळे त्याची बढती थांबली आणि त्यानंतर २६ वर्षांत आम्ही बोललो नाही. अहवाल खरा होता, आजही मी तोच लिहीन. वहीत चौघांचे पत्ते, गाड्यांच्या वेळा, सामानाची यादी, सारे तयार आहे. तिघांचे फोन क्रमांक आहेत, चौथ्याचा नाही. कोणालाही न कळवता दारात उभे राहायचे, असा माझा बेत आहे. परंतु दोनदा तिकिटे काढून मी रद्द केली. हृदयात स्टेंट असल्यामुळे मुलीला माझे एकट्याने जाणे पसंत नाही. मी जावे का? आणि चौथ्याची माफी मागावी का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही अवश्य जावे. तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी त्या फोन क्रमांकाच्या वाक्यापाशी थांबले. ज्या माणसाने आयुष्यभर तुकड्या हलवल्या, त्याला चार घरांचा प्रवास आखायला दोन वर्षे लागत नाहीत. तुमची तयारी केव्हाच पुरी झाली आहे. अडले आहे ते त्या चौथ्या पानावर, आणि ते एक पान इतर तीन भेटींनाही अडवून बसले आहे. म्हणून सर्वांत आधी ते पान उरलेल्या वहीपासून वेगळे करा. चौथी भेट होवो न होवो, बाकीच्या तीन भेटी तिच्यावर अवलंबून ठेवू नका.

जुन्या मित्राला साद घालताना पाऊल अडखळते, यात तुम्ही एकटे नाही. लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या संशोधिकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की संपर्क तुटलेल्या मित्राला निरोप पाठवण्याची इच्छा होती, त्याचा पत्ता हाताशी होता आणि लिहायला वेळही दिला होता, तरी एकतृतीयांशाहून कमी लोकांनी तो निरोप प्रत्यक्षात पाठवला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. ज्यांना आधी काही मिनिटे नेहमीच्या मित्रांना निरोप लिहायला लावले, त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी नंतर जुन्या मित्रालाही लिहिले. तेव्हा चौथ्याला लिहायला बसाल त्या दिवशी आधी परदेशातल्या मित्राशी मनसोक्त बोला आणि मगच कागद पुढे ओढा.

आता माफीविषयी, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असे मला वाटते. अहवाल खरा होता आणि आजही तोच लिहीन, असे तुम्ही म्हणता. मग त्या अहवालाची माफी मागू नका. ती खोटी ठरेल आणि ज्याने तुम्हाला जवळून पाहिले आहे त्याला ते पहिल्या वाक्यातच कळेल. परंतु अहवालाच्या अवतीभवती बरेच काही असते. तो लिहिण्यापूर्वी तुम्ही त्याला समोर बसवून, मित्र म्हणून, काय लिहिणार आहात ते सांगितले होते का? बढती थांबल्याची बातमी त्याला तुमच्या तोंडून कळली की कागदावरून? त्यानंतरच्या २६ वर्षांत एकदा तरी तुम्ही त्याच्या घरची विचारपूस केली का? यांपैकी जे राहून गेले त्याची माफी तुम्ही मनापासून मागू शकता. अधिकारी म्हणून केलेला निवाडा आणि मित्र म्हणून राखलेले मौन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे समर्थन करता करता दुसरी झाकली गेली असेल, तर इतकी वर्षे बोचते आहे ती दुसरीच.

हे सारे त्याला पत्राने कळवा, दारात उभे राहून मुळीच नाही. अचानक येणाऱ्या पाहुण्याला कोणी परत पाठवू शकत नाही. त्याच्या घरची माणसे पाहत असताना त्याला तुम्हाला आत घ्यावेच लागेल, आणि एकेकाळी तुम्ही त्याचे वरिष्ठ होतात म्हणून तर अधिकच. भेटायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क या वेळी त्याच्याकडे राहू द्या. बाकीच्यांकडेही न कळवता जाऊ नका. पन्नाशीत जे अप्रूप वाटते ते सत्तरीत घरच्यांची धांदल उडवते, आणि आजारी माणसाच्या घरी तर ते अन्यायाचे आहे.

तुमचा मार्ग अंतराच्या हिशेबाने आखलेला दिसतो. तो बदला आणि स्मृती हरवत चाललेल्या मित्राकडे सर्वांत आधी जा. या आजारात अलीकडचे आधी पुसले जाते आणि तारुण्यातले पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. निरोगी माणसालाही उतारवयात सर्वाधिक आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्याच येतात, आणि तुमची त्याची ओळख नेमकी त्या काळातली आहे. त्याच्या घरच्यांना आज माहीत नसलेला तो कदाचित तुम्हाला अजून भेटेल. पुढच्या वर्षी भेटेलच असे मात्र नाही. त्याची काळजी घेणाऱ्या माणसाला फोन करून दिवसाची कोणती वेळ बरी असते ते विचारा, कारण अशा अनेक रुग्णांची अस्वस्थता दुपार कलल्यावर वाढते. आत जाताच आपले नाव आणि तुकडी सांगा. ‘ओळखलेस का?’ असे विचारू नका. उत्तर न सुचणाऱ्या माणसाला तो प्रश्न फार लागतो. जुनी छायाचित्रे मोठ्या आकारात छापून न्या आणि एकेक दाखवा. त्याने प्रसंग चुकीचा सांगितला तर दुरुस्त करू नका, तो जिथे नेईल तिथे त्याच्याबरोबर जा. तासाभराने उठा, मुक्काम जवळपास दुसरीकडे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

वहिनींकडे गेल्यावर मित्राचे नाव टाळू नका. वारलेल्या माणसाचे नाव इतरांच्या तोंडून ऐकू येणे हळूहळू बंद होते, आणि ते घरच्यांना आपण समजतो त्याहून अधिक जाणवते. तुमच्यापाशी त्याच्या अशा आठवणी असतील ज्या त्यांनी कधी ऐकल्या नसतील. त्या सांगण्यापूर्वी मात्र त्यांना विचारा, कारण काही गोष्टी तुमच्या मित्राने जाणूनबुजून घराबाहेर ठेवल्या असतील आणि त्याची ती निवड मोडण्याचा अधिकार केवळ त्या मागतील तेवढाच तुम्हाला मिळतो.

परदेशच्या प्रवासाविषयी तुम्हाला शिकवण्यासारखे माझ्याकडे थोडेच आहे. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरते ना, ते पाहा. अनेक देश तेवढी मागतात. स्टेंटबद्दल मात्र हृदयरोगतज्ज्ञांशी सविस्तर बोला. विमानातल्या हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच राखलेला असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. मुळात ती शक्यता लहान आहे, तरीही दर तासाला उठून चाला. औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या पिशवीत ठेवा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण व्यापारी नावे देशोदेशी बदलतात. आणि घड्याळ बदलल्यावर गोळ्यांच्या वेळा कशा पाळायच्या तेही आधीच विचारा. डॉक्टरांना भेटायला मुलीला बरोबर न्या. तुम्ही समजावून सांगितल्याने जी भीती जाणार नाही, ती डॉक्टरांकडून ऐकल्यावर बरीच कमी होईल.

आणखी एक गोष्ट तुमच्या यादीत नाही. बंदुका-तोफांच्या आवाजात वर्षे काढलेल्या अनेकांची श्रवणशक्ती उणावलेली असते आणि ते मान्य करणे त्यांना जड जाते. गर्दीत शब्द निसटतात, मग माणूस नुसता मान डोलावतो आणि समोरच्याला वाटते की याला आता रस उरला नाही. तेव्हा शांत खोलीत, समोरासमोर बसा.

दोन भेटींच्या मध्ये एकदोन दिवस मोकळे ठेवा. जुन्या माणसांबरोबर जुन्या रात्रीही परत येतात. युद्धानंतर मनात राहून जाणाऱ्या आघाताला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत निदानसूचीत ‘पीटीएसडी’ हे आजचे नाव दिले ते १९८० साली. तुम्ही भरती झालात तेव्हा त्याविषयी बोलायला हा शब्द नव्हता. झोप उडाली, जुने प्रसंग डोळ्यांपुढून हलेनात, तर त्याला दुर्बलता समजू नका. मुलीला फोन करा, आणि परतल्यावरही ते थांबले नाही तर तज्ज्ञाला दाखवा.

आधी पहिल्या मित्राच्या घरी फोन करून दिवस ठरवा आणि तिकीट काढा. मग चौथ्याला पत्र लिहा. ते एका पानाहून मोठे नसावे. अहवालाचा उल्लेख एका वाक्यात करावा, त्याचे समर्थन करू नये. जे सांगायचे राहून गेले ते सांगावे, आपला फोन क्रमांक द्यावा, आणि उत्तर दिले नाही तरी राग मानणार नाही, असे स्पष्ट लिहावे. पत्र पोस्टात पडले की बॅग भरा. उत्तराची वाट पाहत घरी थांबू नका.