कामाचे दिवस कमी केले तर बेरोजगारीचे पैसे मिळतात का?

तुम्ही विचारलंय की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत दसऱ्यापासून आठवड्याला तीनच दिवस बोलावतात, पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, तर बेरोजगारीचे पैसे मिळतील का, आणि राजीनामा देऊन अर्ज केला तर चालेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. राजीनामा लिहून देऊ नका. कोणीही सांगू दे.

मी मच्छेच्या बाजूला अशाच एका कारखान्यात फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायच्या कामाला) होतो. ट्रॅक्टरच्या कास्टिंगची ऑर्डर घसरली आणि आम्हाला सांगण्यात आलं, काम आलं की फोन करतो, तोवर घरी बसा. कागद नाही, नोटीस नाही. बहुतेक जण गेले. भातकापणीचे दिवस होते, खानापूरकडच्या पोरांना शेतात काम होतंच. मी आणि यळ्ळूरचे दोघे मात्र रोज आठच्या शिफ्टला गेटवर हजर. टाइम ऑफिसमध्ये मस्टर उघडायला कोणी तयार नव्हतं. सुपरवायझर म्हणाले, "काम नाही, सही कसली करताय?" मी म्हटलं, "साहेब, काम नाही म्हणूनच सही पाहिजे. काम असताना हजेरी तुम्हीच मांडता." पहिले काही दिवस त्यांनी आम्हाला उन्हात उभं केलं. मग आम्ही तिघांनी सह्या करून अर्ज दिला, एक प्रत कामगार खात्याला पाठवली, तेव्हा मस्टर बाहेर आलं. आमच्या नावापुढे लाल पेनने 'ले-ऑफ', म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवलंय, असं लिहिलेलं मी स्वतः बघितलंय.

त्या दोन शब्दांवर पैसे आहेत. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला ले-ऑफच्या दिवसाचे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून निम्मे द्यावे लागतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मुख्य अट ही की ठरलेल्या वेळी रोज एकदा हजर राहायचं. घरी बसून फोनची वाट बघणाऱ्याला मालक सरळ म्हणतो, हा आलाच नाही.

आता ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती पूर्ण बेकार झालेल्यासाठी आहे. तीन दिवस का होईना काम चालू असेल तर तुम्ही त्यात बसत नाही. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. रोजची सरासरी ५०० धरली तर सगळे मिळून २२,५०० रुपये. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की अर्ज करता येतो. स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्याला किंवा गैरवर्तनावरून काढलेल्याला ती मिळत नाही. 'स्वखुशीने सोडतो' असं तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल तर शाखेतला माणूस तोच कागद पुढे सरकवणार.

आणि खरी मेख ७८ दिवसांत आहे. दोन वर्षांची विमा नोकरी लागते. शिवाय बेकारीच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत ७८ दिवस वर्गणी भरलेली हवी. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. २६ आठवडे गुणिले तीन दिवस, बरोबर ७८. म्हणजे एक रजा, एक जत्रा, एक ताप, आणि तुम्ही बाहेर. ले-ऑफची भरपाई मात्र ईएसआयच्या हिशेबात पगार धरली जाते, ते दिवस मोजले जातात. आजारपणाच्या पैशालाही हेच ७८ लागतात. घरी बसलेल्यांपैकी एकाला पुढच्या श्रावणात कावीळ झाली, दिवस कमी भरले म्हणून त्याला एक पैसा आला नाही. त्याच सहामाहीत आमचे तिघांचे दिवस भरले होते.

माझे थोरले दाजी दुसऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. तेव्हा घरात सगळ्यांसमोर म्हणाले, ज्या ताटात जेवतोस त्यालाच भोक पाडतोस, मालकावर वेळ आलीय, राजीनामा दे आणि मी सांगतो तिथे लाग. गणपतीला आले की अजून तेच. मालकावर वेळ आली हे खरंच होतं, पण घरभाडं आणि पोरांची फी ही वेळ कामगारावर पण येते. कायद्याने निम्मं द्यायचं ते दिल्याने कारखाना बुडाला नाही, आजही चालू आहे.

कर्नाटक सरकारच्या युवा निधीचा नाद सोडा. ते पैसे नव्याने पदवी किंवा डिप्लोमा झालेल्या पोरांसाठी आहेत. ईएसआय केंद्राचं आहे, त्यामुळे तुम्ही महाराष्ट्रातल्या चंदगडहून येत असाल तरी फरक पडत नाही.

हे मात्र ध्यानात घ्या. बदली (दुसऱ्याच्या जागी लावलेले) किंवा कॅज्युअल कामगार असाल, किंवा कारखान्यात पन्नासपेक्षा कमी माणसं असतील, तर ले-ऑफचं वर सांगितलेलं लागू नाही. ठेकेदाराचे असाल तर त्याच्याच मस्टरवर नाव आहे का ते बघा. अटल योजना मुदतीची आहे, सरकार वाढवत आलंय, तेव्हा अर्जाआधी शाखेत मुदत विचारा. आणि उद्या सकाळीच ईएसआयच्या साइटवर स्वतःच्या नंबरने आत जाऊन या सहामाहीत किती दिवस भरलेत ते तपासा. पगारचिठ्ठीवरचा आकडा आणि तिथला आकडा जुळला नाही तर लगेच लेखी द्या, मार्च उलटायच्या आत.