आठशे कॅलरीवाला डाएट करू का?

टीव्हीवरच्या डॉक्टरांचं ऐकून उद्यापासूनच दिवसाला ८०० कॅलरींवर यायचं म्हणतोयस, तर जरा थांब. मी हे दोनदा केलंय.

पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो आणि आपण हवेत. पण ती सगळी चरबी नसते रे! शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, संपतं, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी निघून जातं. नीट जेवलास की तेवढं परत येतं. माझं आलं, तेव्हा मी काट्याचे सेल बदलून पाहिले होते.

पद्धत थोतांड आहे असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत टाइप २ मधुमेहाचे रुग्ण ३ ते ५ महिने साधारण ८५० कॅलरींवर होते. वर्षाअखेर जवळपास निम्म्यांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. पण त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच थांबवल्या होत्या, आणि नेहमीचं जेवण हळूहळू सुरू करून द्यायलाही माणसं होती. टीव्हीवर हा भाग दोन वाक्यांत उरकतात.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. साखर एकदम खाली जाते. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडेही होऊ शकतात. प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात, म्हणून थोडा वजनांचा व्यायाम ठेव.

तुला ५-६ किलोच कमी करायचेत ना? मग रोजच्या खाण्यातून ५०० कॅलरी काढ. कंटाळवाणं आहे, पण माझं वजन उतरून टिकलं ते यानेच.