हक्का भाषेत वाक्याचा अर्थ क्रियापद ठरवते की रचना?

हक्का ही दक्षिण चीन आणि तैवानमध्ये बोलली जाणारी एक चिनी भाषा. ती शिकताना क्रियापदे पाठ करावीत की वाक्यरचना, असे आपण विचारले आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ही भाषा कोणाच्या घरात ऐकलेली नसते.

तैवानमधील म्याओली येथे मी एका हक्का आजींकडे भाड्याने राहत असे. माझी सायकल चोरीला गेली तेव्हा त्यांनी शेजारणीला सांगितले, ‘पुन ङिन थेउ चेउ’, म्हणजे कोणीतरी चोरून नेली. यातील ‘पुन’ म्हणजे एरवी ‘देणे’, पण कर्मणी रचनेतही तोच येतो, आणि चोर कोण हे ठाऊक नसले तरी ‘पुन’पुढे निदान ‘ङिन’, म्हणजे माणूस, घालावाच लागतो. मंदारिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अशा वाक्यातला कर्ता खुशाल गाळता येतो. नातवासाठी त्या सुनेला ‘पुन की सिट’ म्हणत, तेव्हा अर्थ होई ‘त्याला खाऊ दे’ (‘की’ म्हणजे तो, ‘सिट’ म्हणजे खाणे). ताटली रिकामी दिसली की ‘पुन की सिट थेट’, म्हणजे ‘त्याने खाऊन टाकले’. क्रियापदाला समाप्तिदर्शक ‘थेट’ लागले, की त्याच ‘पुन’मधून बहुधा कर्मणी अर्थ निघतो.

‘चिया’ हे क्रियापद उसने घेण्याचेही आहे आणि देण्याचेही. ‘लाऊ की चिया छ्येन’ म्हणजे त्याच्याकडून पैसे घेणे, तर ‘चिया छ्येन पुन की’ म्हणजे त्याला देणे. येथे निकाल रचनेचा. उलट, ‘लाऊ की’नंतर कपडे धुणे आले तर ‘त्याच्यासाठी’ आणि जाणे आले तर ‘त्याच्याबरोबर’. येथे निकाल क्रियापदाचा. कर्म क्रियापदाच्या आधी आणायलाही हाच ‘लाऊ’ चालतो.

पुण्यात मंदारिन शिकवणारे एक गृहस्थ मला ठासून सांगत, की हक्काला स्वतःचे व्याकरणच नाही, मंदारिनची वाक्ये घ्यावीत आणि उच्चार तेवढे बदलावेत. परंतु मंदारिनमध्ये सोबतीसाठी ‘कन’, दुसऱ्यासाठी करण्याला ‘थी’ आणि कर्म आधी आणायला ‘पा’ असे वेगवेगळे शब्द आहेत, तर हक्कात एकट्या ‘लाऊ’ची फोड क्रियापद करते. त्यामुळे त्या गृहस्थांची युक्ती पहिल्याच वाक्यात तोंडघशी पडते. आपण प्रत्येक क्रियापद ‘पुन’ आणि ‘लाऊ’ या दोहोंसह, पूर्ण वाक्यातच शिकावे.

हे सारे म्याओलीत बोलल्या जाणाऱ्या हक्काच्या सिश्यान बोलीपुरते आहे. चीनमधील मेइश्यानकडे ‘लाऊ’ऐवजी ‘थुंग’ म्हणतात. त्या गृहस्थांना मात्र हे कळू देऊ नये, कारण ‘गावागणिक शब्द बदलतो, मग कसले आले व्याकरण’ असे ते लगेच म्हणतील.